पुडी बांधण्याआधी



या वैद्य परिषदेचं अध्यक्षपद तुम्ही मला दिलं आहे. आयुर्वेदाच्या अष्टांगांतलं शेवटचं अंग, म्हणजे कामशक्तीची चिकित्सा करणारं वाजीकरण, हा मी आजच्या भाषणासाठी निवडलेला विषय आहे. रसायनावर, पंचकर्मावर आपण दिवसदिवस चर्चा करतो. वाजीकरणाचे दोन-चार निबंध वाचून होतात आणि सभागृह चहाकडे वळतं. पण एस.टी. स्टँडबाहेर, रेल्वेच्या कडेच्या भिंतींवर आणि आता प्रत्येकाच्या मोबाइलवर आपल्या आठ अंगांपैकी लोकांना हेच एक अंग दिसतं. कमजोरी, धातू जाणे, निराश होऊ नका, खात्रीचा इलाज. आपण संकोचाने हा विषय सोडला आणि ज्यांना ना शास्त्र माहीत ना रुग्णाची काळजी, त्यांनी तो उचलला, असं माझं स्पष्ट मत आहे.

चरकांना हा संकोच नव्हता. चिकित्सास्थानात पहिला अध्याय रसायनाचा, दुसरा वाजीकरणाचा आणि ज्वर त्यानंतर. त्या अध्यायातले उडीद, दूध, तूप, खडीसाखरेचे योग आपल्याला पाठ असतात. त्यासोबतच्या अटी मात्र आपण विसरतो. आधी शोधन हवं, घेणारा संयमी हवा, सोळाच्या आत आणि सत्तरीच्या पुढे समागम करू नये, असं तिथेच सांगितलं आहे. सूत्रस्थानात श्रेष्ठ गोष्टींची जी लांबलचक यादी येते, तिच्यात संकल्पाला वृष्यांमध्ये, म्हणजे कामशक्ती वाढवणाऱ्या गोष्टींमध्ये, अग्रस्थान आहे आणि दौर्मनस्य, मनाची खिन्नता, हे इच्छा मारणारं सर्वांत मोठं कारण म्हटलं आहे. इतक्या द्रव्यांचा अभ्यास केलेला आचार्य हे लिहितो, याचं वजन आपण ओळखलं पाहिजे.

आता आपल्या ओपीडीत येणारा रुग्ण पाहा. पंचेचाळिशीचा, पोट सुटलेला, खुर्चीवर बसून काम करणारा. तो म्हणतो, ‘इच्छाच होत नाही, काहीतरी ताकदीचं द्या.’ त्याला आपण मुसळीपाक देतो, म्हणजे साखर आणि तूप. मधुमेही पुरुषांपैकी निम्म्यांच्या आसपास लोकांना ताठरतेची तक्रार असते, आणि कित्येकांना मधुमेह असल्याचा पत्ताच नसतो. अशा माणसाला न तपासता पाक देणं म्हणजे त्याचा आजार वाढवणं. त्याहून गंभीर गोष्ट रक्तवाहिन्यांची आहे. शिश्नाच्या धमन्या हृदयाच्या धमन्यांपेक्षा बारीक असतात. त्यामुळे वाहिन्या आकसू लागल्या की तक्रार आधी तिथे जाणवते आणि छातीत दुखणं पुष्कळदा काही वर्षांनी सुरू होतं. लाजत लाजत सांगितलेली ही तक्रार हृदयविकाराची पहिली सूचना असू शकते. रक्तदाब न मोजता, साखर न तपासता आपण पुडी बांधली, तर ती सूचना आपल्या हातून वाया गेली.

इच्छा कमी होणं आणि ताठरता न येणं या दोन तक्रारी वेगळ्या आहेत, हेही केस पेपरवर वेगळं लिहिलं पाहिजे. थायरॉईड मंदावलेलं असेल, प्रोलॅक्टिन वाढलेलं असेल, दारू रोजची असेल, नैराश्य असेल, किंवा नैराश्यावरच्या गोळ्याच इच्छा कमी करत असतील. या प्रत्येकाचा उपाय निराळा आहे. ‘आधी काय काय चालू आहे?’ एवढा एक प्रश्न विचारला तरी बऱ्याच वेळा कारण सापडतं.

वनस्पतींबद्दल बोलायला मला आवडतं, कारण त्यांच्यावर माझा विश्वास आहे. आणि विश्वास आहे म्हणूनच त्या नेमकेपणाने वापराव्यात असा माझा आग्रह आहे. खाजकुयलीचं, म्हणजे कपिकच्छूचं किंवा कौचाचं, उदाहरण घेऊ. तिच्या बियांत लेव्होडोपा असतं, म्हणजे कंपवातावर आधुनिक डॉक्टर जे देतात तेच द्रव्य. मेंदूत त्याचं डोपामीन होतं, आणि डोपामीन प्रोलॅक्टिनला खाली आणतं. कपिकच्छूचा वृष्य गुण समजून घ्यायला ही एक चांगली वाट आहे. पण याच कारणाने कंपवाताच्या गोळ्या घेणाऱ्याला कौचचूर्ण दिलं तर मात्रा नकळत वाढते, आणि मानसरोगाची औषधं घेणाऱ्याला दिलं तर त्या औषधांच्या विरुद्ध काम होतं. दुधात शिजवून, साल काढून शोधन न करता बाजारातलं चूर्ण तसंच देणारे आपल्यातही आहेत.

पांढऱ्या मुसळीशी तर आपलं मातीचं नातं आहे. तिच्या शास्त्रीय नावातलं ‘बोरिव्हिलियानम’ आपल्या बोरिवलीवरून आलं; गेल्या शतकाच्या मध्याला सांतापाव आणि फर्नांडिस या वनस्पतिशास्त्रज्ञांनी तिचं वर्णन केलं. हिच्याच जातकुळीतल्या रोपांची पानं पावसाळ्यात आपल्याकडे फोडशीची भाजी म्हणून खाल्ली जातात. बी पडण्याआधीच मुळं उपटल्यामुळे जंगलातली मुसळी विरळ होत गेली. शेतीतली, ओळखीच्या शेतकऱ्याकडची मुसळी घ्या. बाजारातल्या भेसळीपासूनही त्यामुळेच वाचाल. गोखरूने निरोगी पुरुषाचं टेस्टोस्टेरॉन वाढतं हा जिममध्ये पसरलेला समज चाचण्यांत टिकलेला नाही, आणि अश्वगंधेने तणाव कमी होत असला आणि झोप सुधारत असली तरी यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आता पुढे आल्या आहेत. डेन्मार्कने २०२३ मध्ये तिच्यावर बंदी घातली. ती बंदी मला अतिरेकी वाटते. पण नोंदींकडे दुर्लक्ष करून तिला उत्तर देता येणार नाही.

आणि भेसळ. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००७ ते २०१६ या काळात छुपी औषधं मिसळलेली ७७६ पूरक उत्पादनं नोंदवली. त्यांतली ४५ टक्क्यांहून अधिक कामशक्तीच्या नावाने विकली जाणारी होती, आणि त्यांत सर्वाधिक वेळा सापडलं ते सिल्डेनाफिल. १९९८ मध्ये मान्यता मिळालेलं हे औषध योग्य माणसाला, योग्य देखरेखीत उपयोगी आहे. पण ‘शंभर टक्के हर्बल’ समजून ते घेणाऱ्या हृदयरोग्याने जिभेखाली नायट्रेटची गोळी ठेवली, तर रक्तदाब कोसळून जीव जाऊ शकतो. एखादं चूर्ण तासाभरात परिणाम दाखवतं, चेहरा लाल होतो, डोकं दुखतं असं रुग्ण सांगू लागला, तर ती पुडी ताब्यात घ्या आणि तपासणीला पाठवा. अशा जाहिरातींना बंदी करणारा कायदा १९५४ पासून आहे. कामसुखाची क्षमता वाढवण्याचा दावा त्यात स्पष्ट शब्दांत निषिद्ध आहे. तक्रार करायला वैद्यच पुढे येत नाहीत, हे मला बोचतं.

आपल्या भूमीत या विषयावर खरं बोलायची परंपरा आहे. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ पासून १९५३ पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवलं, वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना सरळ उत्तरं दिली आणि त्यासाठी खटले सोसले. १९३४ च्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या बाजूने उभे राहिले. खटला हरले, दंड झाला, मासिक चालू राहिलं. तशा सरळ उत्तरांची गरज संपलेली नाही. हस्तमैथुनाने धातू जातो आणि माणूस खंगतो ही भीती घेऊन तरुण मुलं आजही आपल्याकडे येतात. त्यांना शुक्रवर्धक औषध देणं म्हणजे त्यांची भीती खरी ठरवणं. त्यांच्याशी वीस मिनिटं बोला. तपासणीत काही सापडलं नाही, तर ‘तुला काहीही झालेलं नाही’ हे वाक्य वैद्याच्या तोंडून त्यांना ऐकू द्या.

स्त्रियांबद्दल मात्र आपल्या ग्रंथांकडून पुरेसं मिळत नाही, हे मान्य करू या. तिथे पतीला आनंद देणारी स्त्री हेच श्रेष्ठ वाजीकरण. तिची स्वतःची इच्छा हा चिकित्सेचा विषय नाही. मी स्त्री आहे म्हणून कदाचित बायका माझ्याशी बोलतात, आणि तेही सुरुवातीला कंबरदुखी किंवा अंगावरून पांढरं जाणं एवढंच सांगत. खोलात गेलं की पंडुरोग निघतो, बाळंतपणानंतरचा थकवा निघतो, पाळी जाताना आलेला कोरडेपणा आणि वेदना निघतात. कधी घरातली मारहाण निघते. मारहाणीवर शतावरीकल्प लिहून देणं हा मला अपराध वाटतो. तिथे समुपदेशक हवा, वेळ पडली तर पोलीस हवेत, आणि त्या बाईला एकटीला बोलायची जागा तर पहिल्या भेटीपासूनच हवी.

म्हणून या परिषदेपुढे मी एक प्रस्ताव ठेवते. वाजीकरणाच्या रुग्णासाठी सर्वांनी वापरावा असा एक केस पेपर आपण तयार करू: साखर, रक्तदाब, थायरॉईड, चालू औषधं, मनःस्थिती, जोडीदाराशी नातं, आणि स्त्री-पुरुष दोघांसाठी स्वतंत्र प्रश्न. औषधाचा दुष्परिणाम दिसला तर आयुष मंत्रालयाच्या औषधदक्षता केंद्राकडे कळवायचा रकानाही त्यावरच असेल. कच्चा मसुदा नोंदणीच्या टेबलावर ठेवला आहे. उद्या दुपारच्या सत्रापर्यंत तुमच्या दुरुस्त्या त्यावर लिहून द्या. विद्यार्थ्यांनी तर नक्कीच द्याव्यात, कारण हा कागद पुढची तीस-चाळीस वर्षं त्यांनाच भरायचा आहे.