हिशेबतपासनिसाचे शिक्षण
(खारबाव येथे परिसरातील प्राथमिक शिक्षकांपुढे केलेले भाषण)



शिक्षकांच्या सभेत सरकारी लेखापरीक्षकांच्या प्रशिक्षणाचा विषय कशाला, असा प्रश्न आपणांपैकी काहींच्या मनात आला असेल. परंतु तपासणीचे पत्र येताच शाळेत जी धास्ती पसरते, ती मी पुष्कळ वर्षे पाहिली आहे व स्वतः अनुभवलीही आहे. ज्याची धास्ती वाटते तो मनुष्य काय शिकून आलेला असतो, हे कळले तर ती बरीच ओसरेल.

स्थानिक निधी लेखापरीक्षेचा आपल्याकडील कायदा 1930 सालचा आहे. म्हणजे 1962 साली अस्तित्वात आलेल्या आपल्या जिल्हा परिषदांहूनही तो जुना. केंद्र व राज्य शासनांच्या हिशेबांची तपासणी संविधानाच्या 148 व्या अनुच्छेदान्वये नेमलेल्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांकडे असते. त्यांच्या सेवेतील अधिकाऱ्यांचे शिक्षण सिमला येथील अकादमीत होते. मुंबई व नागपूर येथेही कर्मचाऱ्यांसाठी प्रशिक्षणसंस्था आहेत. नोएडा येथील केंद्रात संगणकावरील हिशेब कसे तपासावेत हे शिकविले जाते व तेथे परदेशांतील लेखापरीक्षकही येतात. आपणही आता आहार घेणाऱ्या मुलांची रोजची संख्या भ्रमणध्वनीवरून कळवितो. तो आकडा हजेरीपटाशी ताडून पाहणे हाही याच विद्येचा एक भाग आहे.

या शिक्षणाचे सार तीन गोष्टींत सांगता येईल. खर्चाच्या प्रत्येक नोंदीस प्रमाणक पाहावे. वहीतील शिल्लक वाचून न थांबता वस्तू प्रत्यक्ष मोजावी. आणि आक्षेप कायम करण्यापूर्वी संबंधितास लेखी विचारून त्याचे उत्तर ऐकावे. पहिल्या दोन गोष्टी नियमपुस्तकातून येतात. तिसरी मात्र स्वभावात मुरावी लागते, आणि तीच खरी कसोटी होय.

माझाच अनुभव सांगतो. मी मुख्याध्यापक असताना पोषण आहाराच्या तांदळाची शिल्लक वहीप्रमाणे 200 किलो होती. काट्यावर ती 187 भरली. माझ्या तोंडचे पाणी पळाले. गावात लोक काय म्हणतील, हाच एक विचार मनात होता. तपासणीस आलेला तरुण माझ्या मुलाच्या वयाचा होता. त्याने आवाज चढविला नाही. कोपऱ्यात न उसवलेली तीन पोती होती, ती त्याने वेगवेगळी तोलण्यास सांगितले. प्रत्येकात सुमारे दोन किलो कमी भरले. मग आधी संपलेल्या पोत्यांच्या पावत्या त्याने मागितल्या. सर्व पावत्यांवर पुरे 50 किलो मिळाल्याची माझीच सही होती. त्याने आक्षेप लिहिला, पण तो अपहाराचा नव्हता. ‘पोती न तोलता स्वीकारली’ एवढाच होता. तो मला झोंबला, परंतु खोटा म्हणता आला नाही. त्या तरुणाचे शिक्षण कच्चे असते तर 13 किलो तांदळापायी माझी सारी नोकरी डागाळली असती.

असे पारखणे आपणांस परके आहे काय? मुलाचे गणित चुकले की तो हातचा विसरला, की त्याने शेजाऱ्याच्या पाटीवरून उतरविले, हे अनुभवी शिक्षक ओळखतो, कारण तो उत्तराबरोबर रीतही पाहतो. परंतु मुलाने रीतच लिहिली नसेल तर आपण तरी काय ओळखणार? लेखापरीक्षकाचीही तीच अडचण असते. कितीही शिकून आला तरी जे लिहिलेलेच नाही ते त्याला वाचता येत नाही. प्रामाणिकपणा मनात असून भागत नाही; तो कागदावर उतरावा लागतो.

खारबावचा हा परिसर भाताचा. खळ्यावर सख्ख्या भावांची वाटणीही मापानेच होते. त्यात अविश्वास आहे असे कोणी मानीत नाही. उलट पुढचा तंटा टळतो. शाळेतील धान्य तर गावच्या मुलांच्या तोंडचा घास आहे. तेथे माप अधिकच काटेकोर हवे.

म्हणून तीन विनंत्या करतो. पोते तोलल्यावाचून सही करू नका. कमी भरल्यास पावतीवरच तसे लिहा. रोजची नोंद रोज करा. आठवड्याची वही एका बैठकीत भरू नका. आणि शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेत साठा नोंदवही सर्वांपुढे उघडी ठेवा. समितीतील बहुसंख्य सभासद पालकच असतात. त्यांनी वही पाहिलेली असली म्हणजे गावात कुजबूज उरत नाही.

लेखापरीक्षकाने शंका कशी घ्यावी हे शिकून यावे, आणि आपण तिचे उत्तर तयार कसे ठेवावे हे शिकावे. दोघांचे शिक्षण पुरे झाले, तर तपासणीचा दिवस शाळेस इतर दिवसांसारखाच जाईल.