माझगावकरांच्या वतीने स्वागत



गत महायुद्धांत न फुटता राहिलेल्या दारूगोळ्यापासून मनुष्यास, भूमीस व सागरास संभवणाऱ्या धोक्यांचा विचार करणाऱ्या या परिषदेचे यजमानपद आमच्या गावास लाभले, याबद्दल स्वागतसमितीच्या वतीने मी मनःपूर्वक कृतज्ञता व्यक्त करतो.

मुंबईच्या मूळच्या सात बेटांपैकी माझगाव हे एक. वर्षातून दोनदा फळणाऱ्या आंब्यांची त्याची ख्याती एकेकाळी दूरवर होती. येथील भंडारवाडा टेकडीवरचा किल्ला १६९० साली सिद्दी याकूतखानाने उद्ध्वस्त केला, आणि त्याच टेकडीवर आज जे रम्य उद्यान आहे त्यास काका जोसेफ बॅप्टिस्टा यांचे नाव आहे. येथील माथारपाखाडीत १८६४ साली जन्मलेला, पुण्यास स्थापत्यविद्या शिकून पुढे केंब्रिजासही शिकलेला, लोकमान्यांच्या खांद्याला खांदा लावून १९१६ साली होमरूल लीगचे अध्यक्षपद स्वीकारणारा, गिरणीकामगार व टपालवाले यांची गाऱ्हाणी स्वतःची मानणारा आणि पुढे मुंबईच्या नगरपालिकेचाही अध्यक्ष झालेला हा थोर पुरुष आज आमच्याच मुलांना केवळ बागेच्या पाटीवरून ठाऊक असावा, याचे मला अतोनात दुःख होते. प्रतिनिधींनी उद्या सकाळी त्या बागेत अवश्य जावे, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

त्या टेकडीवरून गोदी दिसते. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ हे जहाज सुमारे १,४०० टन स्फोटके, कापसाच्या गासड्या व सोन्याच्या लगडी घेऊन उभे होते. धोक्याच्या मालाचे तांबडे निशाण त्यावर नव्हते. दुपारी आग लागली, चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला व अर्ध्या तासाच्या आत दुसरा. आगीशी झुंजणारे ६६ अग्निशामक जवान कामी आले, शेकडो नागरिक मृत्यू पावले, हजारो कुटुंबे बेघर झाली. त्या जवानांच्या स्मरणार्थ १४ एप्रिलपासून देशभर अग्निशमन सप्ताह पाळतात. गोदीच्या गाळातून पुढे कित्येक वर्षे सोने निघाले, आणि २०११ साली एक जिवंत तोफगोळाही निघाला.

शास्त्राचा ऊहापोह विद्वान प्रतिनिधी करतीलच. तथापि जर्मनीच्या सागरी हद्दीत अंदाजे १६ लाख टन जुना दारूगोळा पडून आहे, त्याची कवचे गंजत आहेत आणि आतील टीएनटीसारखी विषारी द्रव्ये पाण्यात व शिंपल्यांत उतरत आहेत, हे वाचल्यापासून भाऊच्या धक्क्यावर उतरणाऱ्या मासळीकडे मी निर्वेध मनाने पाहू शकलेलो नाही.

व्यवस्थेत उणिवा आहेत, हे मी जाणतो. जागेच्या टंचाईमुळे कित्येक प्रतिनिधींची सोय शाळेच्या वर्गांत करावी लागली. काल रात्री उशिरा आलेल्यांना गरम जेवण मिळाले नाही आणि पाण्याचा पुरवठाही ठरल्या वेळेचाच आहे. या सर्वांची क्षमा असावी. दारूखाना भागातील जुन्या लोखंडाच्या व्यापाऱ्यांनी, ज्यांच्या मजुरांस भंगारातील प्रत्येक अनोळखी नळकांड्याची धास्ती असते, मोठी देणगी दिली; कोळी भगिनींनी दोन्ही वेळच्या मासळीचा भार उचलला; ख्रिस्ती, मुसलमान व हिंदू मोहल्ल्यांतील तरुणांनी खुर्च्या वाहिल्या; मंडपवाल्यांनी भाडे घेतले नाही. त्या सर्वांचा मी ऋणी आहे.

शेवटी एकच मागणे. १९४४ च्या त्या दिवशी जहाजात काय आहे याची सूचना देणारे निशाणही गोदीतल्या लोकांना दिसले नव्हते. कोठे, किती व कोणता दारूगोळा पडून आहे याची सरकारी दप्तरांतील नोंद खुली व्हावी आणि ती मच्छीमारांस, खलाशांस व भंगार फोडणाऱ्या मजुरांस त्यांच्या भाषेत मिळावी, असा ठराव या परिषदेने संमत करावा, अशी माझगावकरांच्या वतीने विनंती करून मी अध्यक्षमहाशयांस परिषदेची सूत्रे हाती घेण्यास पाचारण करतो.