आधी नक्कल हातात घ्या

(तालुका पातळीवरील महिला कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



पोटगी, वारसाहक्क, कौटुंबिक हिंसाचार या कायद्यांवर आपण शिबिरांतून पुष्कळ बोललो आहोत. आज मला कलमांपेक्षा कागदांबद्दल बोलायचं आहे. दिवाणी कोर्टातला कागद शोधायचा कसा, त्याची नक्कल मागायची कशी आणि ती हातात आल्यावर तिच्यात पाहायचं काय? विषय रुक्ष वाटेल. पण आपल्याकडे येणाऱ्या कितीतरी बायकांचं काम नेमकं इथेच अडलेलं असतं.

एक बाई येते. म्हणते, "भाऊ सांगतो, वाटणी कधीच कोर्टातून झाली, तुझा हक्क संपला." दुसरी म्हणते, "नवरा सांगतो घटस्फोट झालाय, पण कागद दाखवत नाही." तिसरी म्हणते, "कोर्टात नेऊन माझी सही घेतली होती, कशावर ते ठाऊक नाही." आपण विचारतो, निकाल पाहिलास? नाही. दाव्याचा नंबर? नाही. म्हणजे आपल्याच बाबतीतला निकाल तिला दुसऱ्याच्या तोंडून कळलेला असतो, आणि बहुतेक वेळा हा दुसरा त्या निकालाचा फायदा घेणारा असतो. म्हणून माझं आजचं सांगणं एकच आहे. ऐकीव निकालावर सल्ला देऊ नका. आधी नक्कल हातात घ्या.

कोर्ट म्हणजे नेमकं कुठलं?

गावाकडे "कोर्टात गेले होते" याचा अर्थ दर वेळी दिवाणी न्यायालय असा नसतो. तहसील कचेरी, दुय्यम निबंधकाचं कार्यालय आणि न्यायालय, पुष्कळ तालुक्यांत ही सगळी शेजारी-शेजारीच असतात. तेव्हा बाईला आधी साधे प्रश्न विचारा. न्यायाधीशासमोर उभं केलं होतं का? की टेबलाशी बसवून फोटो काढला, अंगठा घेतला आणि दोन साक्षीदारांच्या सह्या झाल्या? तसं असेल तर ते बहुधा हक्कसोडपत्र किंवा बक्षीसपत्र, आणि त्याची नक्कल दुय्यम निबंधकाकडे मिळते. तहसीलदारासमोर जबाब झाला असेल तर ते जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खालचं वाटप असू शकतं. त्याची फाइल तहसीलमध्ये.

हा फरक का महत्त्वाचा? २००५ सालच्या दुरुस्तीने मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क दिला. महाराष्ट्राने १९९४ सालीच पाऊल उचललं होतं, पण त्या कायद्यात आधी लग्न झालेल्या मुली वगळल्या होत्या. २००५ च्या कायद्यात ती अट नाही. वडील हयात असण्याची अट नाही, हेही सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा प्रकरणात ऑगस्ट २०२० मध्ये स्पष्ट केलं. पण एक मर्यादा आहे. २० डिसेंबर २००४ पूर्वी झालेली वाटणी या कायद्याने मोडत नाही, आणि वाटणी म्हणजे नोंदणीकृत वाटणीपत्राने किंवा कोर्टाच्या हुकूमनाम्याने झालेली वाटणी. नुसती तोंडी वाटणी न्यायालय सहसा मानत नाही.

आता भावाचं वाक्य पुन्हा ऐका: "वाटणी कोर्टातून झाली." खरंच हुकूमनामा झाला का? कुठल्या तारखेला? आणि तो प्राथमिक होता की अंतिम? प्राथमिक हुकूमनाम्यात फक्त हिस्से ठरतात. प्रत्यक्ष वाटप व्हायचं बाकी असेल, तर मुलीचा वाढीव हिस्सा धरून तो हुकूमनामा बदलता येतो, असं सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली गंडुरी कोटेश्वरम्मा प्रकरणात सांगितलं आहे. या प्रश्नांची उत्तरं भावाकडे मागायची नसतात. ती फाइलमध्ये असतात.

नंबर कसा शोधायचा?

कोर्टात नंबर आणि साल असलं की निम्मं काम झालं. नियमित दिवाणी दावा, विशेष दिवाणी दावा, दरखास्त, किरकोळ अर्ज, विवाह याचिका, प्रत्येकाचा नंबर वेगळा चालतो. म्हणून प्रकार, नंबर आणि साल तिन्ही लिहून घ्या.

आधी घर धुंडाळा. जुनं समन्स, वकिलाची नोटीस, पैसे भरल्याची पावती, पत्र्याच्या पेटीत काहीतरी सापडतंच. जमिनीचा मामला असेल तर सातबाऱ्यावर फेरफाराचा नंबर असतो. तो फेरफार काढा. कोर्टाच्या हुकूमनाम्यावरून नोंद झाली असेल तर दाव्याचा नंबर आणि निकालाची तारीख फेरफारात मिळते. ही वाट मला सर्वांत भरवशाची वाटते, कारण निकाल लपवणाऱ्याला जमीन नावावर करायला तो कधीतरी तलाठ्याला दाखवावाच लागतो.

अलीकडची प्रकरणं ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर आणि मोबाइलवर शोधता येतात. जिल्हा, न्यायालय, पक्षकाराचं नाव आणि साल घालायचं. प्रत्येक प्रकरणाला सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक असतो, तो मिळाला की पुढची तारीख घरबसल्या कळते. नाव मात्र तीन-चार प्रकारांनी टाकून पाहा. बाईचं माहेरचं नाव, सासरचं नाव, इंग्रजी स्पेलिंगचे फरक. तिच्या नावाने सापडलं नाही तर भावाच्या, नवऱ्याच्या नावाने शोधा. जुनी प्रकरणं तिथे नसतील, वैवाहिक प्रकरणांत नावं झाकलेली असतील. "संगणकावर नाही" म्हणजे "दावाच नव्हता" असं समजू नका. त्यासाठी कोर्टात जाऊन दाव्यांच्या नोंदवह्यांचा शोध मागावा लागतो.

अर्ज कुणाचा, कसा?

चालू प्रकरणाची फाइल त्या न्यायालयाच्या लिपिकाकडे असते. निकाली प्रकरण काही काळाने अभिलेख कक्षात जातं, जुनं असेल तर बहुधा जिल्ह्याला. अपील झालं असेल तर फाइल वरच्या कोर्टाने मागवलेली असू शकते. हे आधी विचारलं की एक हेलपाटा वाचतो.

नकलेचा अर्ज बाईच्या नावाने, तिच्या सहीने किंवा अंगठ्याने करा. ती पक्षकार असेल तर तो तिचा हक्क आहे, वकील असलाच पाहिजे असं नाही. आपण कार्यकर्त्या तिथे तिऱ्हाईत असतो, हे विसरू नका. तिऱ्हाइताला नक्कल का हवी याचं कारण प्रतिज्ञापत्रावर द्यावं लागतं. दावा ज्या मिळकतीचा आहे तिच्यात बाईचा हिस्सा असूनही तिला पक्षकारच केलेलं नसेल, तर हेच कारण स्पष्ट लिहावं. माहिती अधिकाराचा अर्ज इथे चालत नाही. मार्च २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे की न्यायालयीन कागद न्यायालयाच्या नियमांप्रमाणेच मागावेत.

"सगळी फाइल द्या" असं मोघम लिहू नका, आणि नुसता निकालही मागू नका. वादपत्र, कैफियत, समन्स बजावणीचा अहवाल, वकालतनामा, रोजनामा, तडजोड पुरसिस असेल तर ती, न्यायनिर्णय आणि हुकूमनामा अशी यादी करा. मनाई हुकमासाठीचा निशाणी ५ चा अर्ज आणि त्यावरचा आदेशही मागा. आधी तपासणीचा अर्ज देऊन फाइल पाहून घेतली तर नेमके निशाणी क्रमांक लिहिता येतात. नक्कल प्रमाणित घ्या. साध्या झेरॉक्सवर पुढे अपील करता येत नाही. पैसे भरल्याची पावती जपून ठेवा.

काही नकला फुकट मिळायलाच हव्यात. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २३ प्रमाणे घटस्फोटाच्या हुकूमनाम्याची एक प्रत दोघांनाही मोफत द्यायची असते. कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यात कलम २४ प्रमाणे आदेशाची प्रत मोफत आहे. तो मामला दंडाधिकाऱ्याकडे चालतो, पण सांगून ठेवते. आणि विधी सेवा प्राधिकरणाच्या कायद्याप्रमाणे कुठल्याही स्त्रीला, तिचं उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. तालुका विधी सेवा समिती कोर्टाच्या आवारातच असते.

नक्कल वाचायची कशी?

तालुका-जिल्हा न्यायालयांची भाषा मराठी आहे, तरी निकाल पुष्कळदा इंग्रजीत येतो. घाबरू नका. रोजनाम्यापासून सुरुवात करा. कुठल्या तारखेला कोण हजर होतं ते तिथे ओळीने लिहिलेलं असतं. मग समन्सचा अहवाल. बहीण पंधरा वर्षं सासरी नांदते आहे, आणि समन्स माहेरच्या पत्त्यावर, घेतलं भावाने! कायद्याप्रमाणे घरातल्या प्रौढ व्यक्तीला समन्स देता येतं, पण ती व्यक्ती बाईसोबत राहणारी हवी. मग वकालतनामा पाहा. सही तिची आहे का? ती अंगठा करते आणि कागदावर वळणदार सही आहे, असं तर नाही?

एकतर्फी हुकूमनामा असेल तर तो रद्द करायचा अर्ज तीस दिवसांत करायचा असतो. समन्स नीट बजावलंच नसेल तर ही मुदत हुकूमनामा कळल्या दिवसापासून धरतात. वर्तमानपत्रातलं जाहीर समन्स मुदतीच्या या हिशेबात नीट बजावणी ठरत नाही. तडजोडीचा हुकूमनामा असेल तर नवा दावा लावता येत नाही, फसवणूक झाली म्हणून त्याच कोर्टात जावं लागतं. लोकअदालतीतली तडजोड असेल तर तिच्यावर अपीलच नाही. म्हणून लोकअदालतीत बाईने सही करण्याआधी कागद कुणीतरी वाचून दाखवलाच पाहिजे.

घड्याळावर लक्ष ठेवा

तालुक्याच्या कोर्टाच्या निकालावर जिल्हा न्यायालयात अपिलाला तीस दिवस, उच्च न्यायालयात जायचं तर नव्वद. नक्कल तयार व्हायला लागलेले दिवस त्यातून वजा होतात, पण अर्ज दिल्यापासून नक्कल तयार होईपर्यंतचेच. अर्ज न देता घालवलेले दिवस आणि तयार नक्कल तिथेच पडून राहिलेले दिवस वजा होत नाहीत. नकलेवर या तारखा लिहिलेल्या असतात. म्हणून निकाल लागला त्याच दिवशी अर्ज द्या.

आणि एक धोका ओळखा. नकलेचा अर्ज हाच, बाईला निकाल ठाऊक होता याचा पुरावा होतो. नक्कल आणून दोन महिने केंद्रावर ठेवली तर नुकसान आपण केलं असं होईल. उशीर माफ करण्याचा अर्ज करता येतो, पण प्रत्येक दिवसाचं कारण विचारलं जातं.

आपल्या संघटनेचं काम

प्रत्येक केंद्रावर एक वही हवी. बाईचं नाव, प्रकरणाचा प्रकार-नंबर-साल, पुढची तारीख, नकलेचा अर्ज कधी दिला, मिळाली कधी, मुदत कधी संपते. मूळ नक्कल बाईजवळ, झेरॉक्स आपल्याजवळ. वैवाहिक प्रकरणं बंद दाराआड चालतात आणि ती छापायला कायद्यानेच मनाई आहे, म्हणून ती वही आणि ते कागद कुलपात. सभेत, पत्रकात कुणाचं नाव नको.

नक्कल विभागाच्या खिडकीशी बाईला एकटं पाठवू नका, पण तिच्याऐवजी आपणही जाऊ नका. अर्ज तिने द्यावा, पावती तिने घ्यावी. दोन-तीन खेपा झाल्या की तीच पुढच्या बाईला घेऊन जाते. शिबिरानंतर प्रत्येक गावाने एका तरी अडलेल्या प्रकरणाचा नंबर शोधून काढावा आणि पुढच्या बैठकीला त्याची नक्कल घेऊन यावी. मग ती आपण सगळ्याजणी मिळून वाचू.