शुष्क वनातील शैक्षणिक सहल

(शिरोली एमआयडीसी परिसरातील प्राथमिक शिक्षकांपुढील भाषण)



शिरोली एमआयडीसीच्या आसपासच्या शाळांतील पुष्कळ मुलांचे पालक फौंड्रीत व मशीन शॉपमध्ये राबतात. साचा, भट्टी, लेथ ही नावे या मुलांना लहानपणीच ठाऊक होतात. परंतु मोकळ्या रानातील काळवीट त्यांपैकी कितीजणांनी पाहिले असेल? कोल्हापूर संस्थानात काळविटाच्या शिकारीसाठी चित्ते पाळले जात. त्या चित्त्याची जात भारतातून नाहीशी झाल्याचे १९५२ साली जाहीर झाले, आणि २०२२ साली नामिबियातून आठ चित्ते मध्य प्रदेशातील कुनो येथे आणावे लागले. गमावलेले परत मिळविणे किती दुष्कर असते, हे यावरून ध्यानी यावे.

या परिसरातील शाळांना सोयीचे शुष्क वन म्हणजे सांगली जिल्ह्यातील सागरेश्वर. महामार्गाने पेठ नाका व तेथून ताकारीमार्गे देवराष्ट्रे, असा मार्ग आहे. देवराष्ट्रे हे यशवंतराव चव्हाण यांचे जन्मगाव. तेही मुलांस सांगावे. या रानाची थोरवी अशी की, ते माणसांनी उभे केले आहे. वृक्षमित्र धों. म. मोहिते यांच्या पुढाकाराने उघड्या डोंगरांवर झाडे लावली गेली, कुंपण झाले, हरणे आणून सोडली गेली आणि १९८५ साली सुमारे ११ चौरस किलोमीटर क्षेत्र अभयारण्य ठरले.

सहलीची खरी तयारी वर्गात व्हावी. उन्हाळ्यात हे रान निष्पर्ण दिसते. मुले म्हणतील, झाडे वाळली! पाने गाळून झाड आपल्यातील पाणी राखते, हे आधी समजावून द्यावे. सांबर व चितळ यांच्या नराची शिंगे गळतात व पुन्हा उगवतात. काळविटाची पीळदार शिंगे जन्मभर टिकतात. प्रौढ नर काळपट होतो. मादी पिंगट असते व तिला सहसा शिंगे नसतात. काळविटास दाट झाडीपेक्षा मोकळे गवत मानवते. हे ठाऊक असलेले मूल कोठे पाहावे ते जाणते.

प्राणी दिसेलच, असे वचन मात्र मुलांना देऊ नये. दिसला नाही तरी खूर, लेंडी, कुरतडलेली साल व पाणवठ्याकाठची पायवाट दिसते. प्रत्येकाने वहीत त्याची नोंद करावी. सकाळी लवकर पोहोचावे, आवाज टाळावा, खाऊ प्राण्यांपुढे टाकू नये, गळलेले शिंग उचलू नये.

आणखी एक गोष्ट टाळून चालणार नाही. हरणे कुंपणाबाहेर येऊन उभ्या पिकात शिरली, तर शेतकऱ्याचे नुकसान होते. शेतकऱ्याचे मूल वर्गात विचारील, "गुरुजी, हरीण वाचवायचे, मग आमच्या शाळूचे काय?" त्यास गप्प करू नये. त्याचाच प्रश्न फळ्यावर लिहावा. कुंपणाची डागडुजी, रानातच पाणी व चारा, नुकसानीची वेळीच नोंद, हे उपाय मुलांकडूनच काढून घ्यावेत. ज्या गावाला रानाचा जाच वाटतो, ते गाव रान राखीत नाही.

माणसांनी लावलेले रान माणसांच्या दुर्लक्षाने जाऊही शकते. ते राखणारे उद्याचे हात आज पाटीवर अक्षरे गिरवीत आहेत. सहलीहून परतल्यावर शाळेच्या आवारात मुलांनी एक झाड लावून ते उन्हाळाभर जगविले, तर सहल सार्थकी लागली असे समजावे.