चालण्याचा मध्यम मार्ग
(संस्थेच्या वर्षावास कार्यक्रमात दिलेले भाषण)



आज मला आरोग्यावर बोलायला सांगितले आहे. मी डॉक्टर नाही, बँकेतला कारकून आहे. म्हणून सर्वांना परवडेल अशा एकाच गोष्टीवर, म्हणजे चालण्यावर बोलतो.

चालणे आपल्याला परके नाही. चंक्रमणाचे पाच लाभ भगवान बुद्धांनी सांगितल्याचे अंगुत्तर निकायात आहे. प्रवास झेपतो, प्रयत्नाचे बळ राहते, प्रकृती निरोगी राहते, खाल्लेले पचते आणि चित्ताची एकाग्रता टिकते. पण चालावे किती? याचे उत्तर विनयपिटकातल्या सोण कोळीविसाच्या कथेत सापडते. श्रीमंत घरात वाढलेला हा भिक्खू राजगृहाजवळच्या सीतवनात इतका चालला की तळपाय फुटून वाट रक्ताने माखली. शेवटी निराश होऊन तो घरी परतण्याचा विचार करू लागला. तेव्हा बुद्धांनी त्याला वीणेच्या तारांची आठवण दिली. तार फार ताणली तरी सूर लागत नाही, सैल सोडली तरी लागत नाही. पुढे भिक्खूंना पायताण वापरण्याची अनुज्ञाही याच प्रसंगी मिळाली.

बंधू-भगिनींनो, आपल्यातले बरेच जण सोणासारखीच सुरुवात करतात. डॉक्टरांनी साखर वाढल्याचे सांगितले की दुसऱ्याच दिवशी पाच किलोमीटर! आठवड्यात गुडघे धरतात आणि चालणे कायमचे सुटते. साखर मात्र सुटत नाही.

‘रोज १०,००० पावले’ हा आकडाही अनेकांना घाबरवतो. तो १९६५ च्या सुमारास जपानमध्ये विक्रीस आलेल्या पावले मोजण्याच्या यंत्राच्या नावातून रूढ झाला. अमेरिकेतील वयस्क स्त्रियांच्या २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सुमारे ४,४०० पावलांपासूनच मृत्यूचे प्रमाण कमी दिसले आणि ७,५०० च्या पुढे त्यात फारसा फरक पडला नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रौढांसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रम सांगितले आहेत. म्हणजे आठवड्यातून पाच दिवस, रोज अर्धा तास.

तेथे पोहोचायचे कसे? प्रथम तीन-चार दिवस आपण आज किती चालतो ते वहीत लिहा. समजा ते दहा मिनिटे आहे. मग दर आठवड्याला पाचच मिनिटे वाढवा. पाचव्या आठवड्यात अर्धा तास होतो. एकदम वेळ नसेल, तर सकाळी, दुपारी, संध्याकाळी दहा-दहा मिनिटे चाला. धुण्याभांड्यांची कामे करून थकणाऱ्या भगिनींना हेच सोयीचे पडेल. चालताना बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये, इतका वेग पुरे.

उद्दिष्ट मिनिटांचे ठेवा, किलोंचे नको. किती चालायचे हे आपल्या हातात असते, वजन सावकाश उतरते. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट चालू नका, नेहमीइतकेच चाला. बँकेतल्या रिकरिंग खात्याप्रमाणे थोडे पण नियमित भरत राहावे.

मधुमेह असणाऱ्यांनी अनवाणी चालू नये, रोज तळपाय पाहावेत आणि खिशात साखर ठेवावी. छातीत दुखले वा चक्कर आली तर थांबून लगेच डॉक्टरांकडे जावे.

विद्यार्थी मित्रहो, बाबासाहेबांना अखेरच्या वर्षांत मधुमेहाने आणि पायांच्या दुखण्याने फार छळले. तरीही ते काम करीत राहिले. ६ डिसेंबर १९५६ रोजी, अवघ्या ६५ व्या वर्षी ते आपल्यातून गेले. त्यांचे अपुरे काम पुढे न्यायचे असेल तर शरीर साथ देणारे हवे. घरी आई-वडिलांना आजारपण असेल तर त्यांना नुसते सांगू नका. संध्याकाळी दहा मिनिटे त्यांच्याबरोबर, त्यांच्या चालीने चाला.



नमो बुद्धाय! जय भीम!