तिसरा सभासद



मराठीचा अध्यापक संगणकाविषयी बोलू लागला, की श्रोत्यांनी साशंक व्हावे, हे स्वाभाविकच आहे. परंतु आजचा विषय मुळात भाषेचाच आहे.

शताब्दीच्या निमंत्रणांसाठी आपण संगणकावर सभासदांची यादी काढली. निमंत्रणासोबत घरी राहिलेल्या पुस्तकांची आठवणही द्यावी, म्हणून सभासदांचा तक्ता देवघेवीच्या तक्त्याशी जोडला. यादी आली, पण काही वयोवृद्ध सभासदांची नावे तीत नव्हती. त्यांची वर्गणी चोख होती. दृष्टी अधू झाल्याने त्यांनी पुस्तक तेवढे नेले नव्हते. देवघेवीत नोंद नाही, म्हणून ते यादीतूनही गळाले.

आमच्याजवळच्या माहितीपुस्तिकेत हा नियम दिलेला होता. व्याख्या निर्दोष होती. उदाहरण मात्र एकही नव्हते.

याउलट, ‘पोस्टग्रेस’ या डेटाबेसची पुस्तिका पाहावी. नवशिक्यांसाठी तीत दोन लहान तक्ते मांडले आहेत : एक हवामानाचा, दुसरा शहरांचा. पहिल्यात सॅन फ्रान्सिस्कोच्या दोन नोंदी आणि हेवर्डची एक. दुसऱ्यात एकटे सॅन फ्रान्सिस्को. दोन्ही तक्ते जोडताच हेवर्ड नाहीसे होते. पुस्तिका ही उणीव झाकून ठेवीत नाही. तिच्यावर बोट ठेवते आणि मग ‘लेफ्ट आउटर जॉइन’ हा जोडणीचा दुसरा प्रकार शिकवते. त्याने हेवर्ड परत येते. त्याच्यापुढची दुसऱ्या तक्त्यातील माहितीची जागा तेवढी रिकामी राहते.

उत्तम उदाहरणाचे मर्म हेच. ते बोटांवर मोजता येईल इतके लहान असावे आणि नवशिक्या कोठे फसेल, तेही त्यात दिसावे. रंगनाथनांनी १९३१ साली मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांपैकी चौथे वाचकाचा वेळ वाचविण्याविषयी आहे. संगणकापुढे पुस्तिका उघडून बसलेला आपला लिपिक हाही वाचकच नव्हे काय?

म्हणून माझी सूचना अशी, की आपल्या पुस्तिकेस एक पान जोडावे. त्यात तीन सभासद आणि दोन पुस्तके घ्यावीत. दोघांनी एकेक पुस्तक नेले आहे. तिसऱ्याने नेलेले नाही. हा तिसरा सभासद मुद्दाम ठेवावा आणि तो यादीतून कसा गळतो व परत कसा आणावा, हे साध्या मराठीत दाखवावे.

गळालेल्या सभासदांची निमंत्रणे आम्ही पुढे घरोघर जाऊन दिली. पुढील शतकात तशी वेळ येऊ नये, एवढी इच्छा व्यक्त करून मी आपली रजा घेतो.