फ्यूज का उडाला नाही?



आज आम्ही आमच्याच घरची एक फजिती सांगणार आहोत. आम्ही पुष्कळ वर्षे शाळेत गणित शिकवले. गुणाकार चुकला की मुलांना रागे भरलो. पण घरी जिथे गुणाकार करायला हवा होता, तिथे आम्हीच तो केला नाही.

आमचे घर सावेडीला. थंडीचे दिवस होते. नगरची थंडी तुम्हांला ठाऊकच आहे. पाणी तापवायला आम्ही विजेचा रॉड आणला. त्याची वायर आखूड पडली. मग काय, घरात पडलेला वायरचा तुकडा घेतला. तारा सोलल्या, एकमेकींत पिळल्या आणि वरून काळी चिकटपट्टी गुंडाळली. झाले काम!

काही दिवसांनी सूनबाई म्हणाली, "मामंजी, न्हाणीघरात जळका वास येतोय."

आम्ही ऐटीत म्हणालो, "अगं, फ्यूज शाबूत आहे. काही बिघडले असते तर फ्यूज उडाला नसता का?"

तिने आमचे ऐकले नाही. बरे झाले ऐकले नाही. बटण बंद करून तिने वायरमनला बोलावले. त्याने सांधा पाहिला. चिकटपट्टी वितळली होती. तार काळी पडली होती. तो म्हणाला, "गुरुजी, आधी मीटर लावून दाखवतो, मग हे तोडतो."

मीटरवर काय दिसले ते सांगण्याआधी दोन शब्द समजून घ्या. टाकी उंचावर असली की नळाला पाण्याचा जोर येतो. विजेच्या अशा जोराला दाब म्हणतात. तो व्होल्टमध्ये मोजतात. नळातून किती पाणी वाहते, तसा तारेतून किती प्रवाह वाहतो, हे अँपिअरमध्ये मोजतात. आणि नळ अरुंद असला की पाणी अडते ना? तारेतल्या तशा अडथळ्याला रोध म्हणतात. त्याचे माप ओहम.

हे ओहम म्हणजे एका माणसाचे नाव. जर्मनीत गेऑर्ग ओहम नावाचे एक मास्तर होते. वडील कुलपे करणारे कारागीर. दाब, प्रवाह आणि रोध यांचा हिशेब मास्तरांनी 1827 साली पुस्तकात मांडला. आधी लोकांनी फारशी किंमत दिली नाही. पुढे 1841 साली लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना पदक दिले. मास्तरांचे म्हणणे लोकांना उशिराच पटते, असे आपले आम्हांला वाटते.

हिशेब सोपा आहे. दाबाला प्रवाहाने भागा, रोध मिळतो. दाबाला प्रवाहाने गुणा, वॅट मिळतात. वॅट म्हणजे वीज किती झपाट्याने खर्च होते त्याचे माप. (विहिरीवरच्या मोटारीला मात्र हा हिशेब असाच्या असा लावू नका. तिची रीत थोडी निराळी आहे.)

आता मीटर पाहू. बोर्डावर दाब होता 230 व्होल्ट. सांध्याच्या पुढे, रॉडपाशी, 225. प्रवाह दोन्हीकडे 5 अँपिअर. म्हणजे 5 व्होल्ट वाटेतच, आमच्या त्या सांध्यात, खर्च होत होते.

रॉडचा रोध : 225 भागिले 5, म्हणजे 45 ओहम.
सांध्याचा रोध : 5 भागिले 5, म्हणजे 1 ओहम.
रॉडची उष्णता : 225 गुणिले 5, म्हणजे 1125 वॅट.
सांध्याची उष्णता : 5 गुणिले 5, म्हणजे 25 वॅट.

25 वॅट म्हणजे काय मोठेसे, असे तुम्ही म्हणाल. आम्हीही म्हणालो. तेव्हा वायरमनने पिशवीतून तारेला डाग द्यायचे हत्यार काढले. त्यावर लिहिले होते 25 वॅट. त्याच्या टोकावर कथील पाण्यासारखे वितळते. रॉडची उष्णता बादलीभर पाण्यात जाते. सांध्याची उष्णता बोटभर जागेत कोंडते. आणि त्या न्हाणीघरात आमचा नातू रोज आंघोळ करत होता.

मग फ्यूज का उडाला नाही? आमचा फ्यूज 10 अँपिअरचा. तो फक्त प्रवाह बघतो. सांधा नसता, तर प्रवाह 230 भागिले 45, म्हणजे 5 हून थोडा जास्तच झाला असता. सांध्याने रोध वाढवला, म्हणून प्रवाह उलट कमी झाला. फ्यूजने उडावे तरी का? शिवाय सांधा तापला की काळा पडतो. काळा पडला की रोध वाढतो. रोध वाढला की आणखी तापतो. हे सगळे चालू असताना फ्यूज स्वस्थ असतो.

बिलावरूनही कळत नाही बरे का! 1000 वॅट एक तास चालले की एक युनिट होते. रोज एक तास रॉड लावला, तर त्या सांध्याचे एक युनिट व्हायला 40 दिवस लागतात. एवढ्या बिलात ते कोणाला दिसणार? कळते ते वासाने, आणि प्लग किंवा वायर ऊन लागली तर त्याने. तसे वाटले की आधी बटण बंद करावे. रॉड चालू असताना पाण्यात बोट घालून पाहू नये. मीटर लावणे वायरमनचे काम. भागाकार आपण करावा.

वायरमनने सांधा तोडून टाकला. जाड, अखंड वायर घातली. अर्थिंगसकट तीन पायांचा मोठा प्लग बसवला. पुन्हा मीटर लावला, तर बोर्डावरही 230 आणि रॉडपाशीही जवळजवळ तेवढेच. सूनबाईने तो काळा तुकडा फेकू दिला नाही. आमच्या पाटीशेजारी खिळ्याला टांगून ठेवला आहे.